गुडघ्याच्या वरचं पाणी

ऐका रे, आणि "मग? मग?" करू नका मधे मधे, सांगायचंच राहून जातं. तर आपली अश्लेषा. इंदिरा नगरची. रेल्वेतले इंजिनियर जगदीशकाका आहेत ना, त्यांची मुलगी. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये पोहते ती. खांदे इतके रुंद की टेलरमास्टर दर वेळी फीत दोनदा लावून बघतात. आता गंमत बघा. ही पोरगी तलावात उतरली की बाकीच्या मुली नुसता तिच्या पायांचा फेस बघत राहतात, आणि स्वतःच्या गावच्या समुद्रात ती आजवर गुडघ्याच्या वर गेलेली नव्हती. खरंच! गुडघे ओले झाले की मागून बाबांची हाक आलीच. "बस्स. तिथंच थांब. गुडघ्याच्या वर पाणी नको."

गाव म्हणजे नांदवेळ. कोकणात, एवढंसं. एक बाजारपेठ, एक एसटी स्टँड, एक जेटी, आणि समोर समुद्रात पाठ वर काढून बसलेला कासवखडक. अश्लेषाचे आजोबा रेल्वेत लागले, बदलीवर लखनौला आले आणि इथलेच झाले. काका इथेच जन्मले, इथेच शिकले. नांदवेळशी त्यांचं नातं काय, तर मे महिना. सुट्टी लागली की गाडीत बसायचं, आंबे खायचे, घामोळं घेऊन परत यायचं. आणि मे महिन्यातला तिथला समुद्र म्हणजे काय विचारता! पावसाळा तोंडावर आलेला, वारा थांबायचं नाव घेत नाही, लाटा एकीवर एक चढतायत, मच्छीमार होड्या वर ओढायच्या गडबडीत. असल्याच एका मे महिन्यात लहानपणी काकांना लाटेनं आत खेचलं होतं. कोणीतरी केसाला धरून बाहेर काढलं म्हणून वाचले. घरातला तो नियम तेव्हापासूनचा.

काकांची एकुलती एक बहीण विनया, म्हणजे अश्लेषाची आत्या, तीही लखनौचीच, पण लग्न करून थेट नांदवेळला गेली. तिचा मुलगा रणजित तिथे होडी चालवतो, पर्यटकांना फिरवतो. म्हणजे अख्ख्या खानदानात समुद्राला बाराही महिने ओळखणारी ही दोनच माणसं.

तर गणपती झाले आणि रणजितचा मेसेज आला. गावातली पोरं पोहण्याची शर्यत ठेवतायत. कार्तिक सरता सरता, एका रविवारी. किनाऱ्यावरून निघायचं, कासवखडकाला वळसा घालायचा, परत यायचं. खाली लिहिलेलं, "लखनौच्या नवाबांना जमणार नाही म्हणा. तुम्ही आपले गुडघे भिजवा."

संपलं! तुम्हाला माहितीये ना ती कशी आहे. त्याच मिनिटाला तिनं नाव दिलं आणि मग घरात सांगितलं. उलटं करायला हवं होतं.

"नाही," काका म्हणाले. जेवताना. पोळीचा तुकडासुद्धा तोडायचा थांबवला नाही त्यांनी.

"बाबा, सुनिए तो..."

"मी तो समुद्र बघितलाय, आशू. तुझ्या तलावाला कडा असते. दमलीस की धरतेस. तिथं काय धरशील?"

"मुझे कुछ पकड़ना ही नहीं है. मला पोहायचंय."

"तलावात पोह की मग. कोण नको म्हणतंय?"

"तलाव माझा नाहीये ना, बाबा! गाव माझं आहे. तिथली शेंबडी पोरं जेटीवरून उड्या मारतात आणि मी, स्टेट लेव्हलची, गुडघ्यात उभी राहून फोटो काढते. किती वर्षं?"

माणिककाकू, अश्लेषाची आई, भाजी वाढत होत्या. त्या नागपूरच्या. "माझ्याकडे बघू नका," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे फुटाळा तलाव आहे, आम्ही त्याच्याकडेही काठावरूनच बघतो."

मग अश्लेषानं हुकमाचं पान काढलं. आत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याच्या जगला टेकवून बाबांसमोर उभा केला.

"दादा," सगळं ऐकून आत्या म्हणाली, "तू त्या समुद्राला फक्त मे महिन्यात भेटलायस. एखाद्याला तू नेहमी त्याची दाढ दुखत असतानाच भेटलास, तर तो तुला चिडकाच वाटणार ना?"

"विनू, मस्करी नको."

"मस्करी कुठे करत्येय? कार्तिकात ये आणि बघ. सकाळी जमिनीकडून वारा सुटतो, मतलई म्हणतो आम्ही. त्यानं पाणी असं चापूनचोपून बसतं, तेल लावून वेणी घातल्यासारखं. उन्हं चढली की वारा फिरतो, समुद्राकडून यायला लागतो, मग लाटा उठतात. तोवर पोरं परत आलेली असतात."

"आणि नाही आली तर?"

आत्या जरा थांबली. बस, तिथेच घात झाला. काका ताटावरून उठले.

पण ऐका, माणूस आडमुठा नाही तो, घाबरलेला आहे. आणि घाबरलेला इंजिनियर काय करतो? अटी घालतो. दुसऱ्या दिवशी चहाला बसले तेव्हा अटी तयार होत्या. सूट घालायचा, तो जाड रबरी, छावणीतली तिची मैत्रीण अंतरा, तिचा भाऊ डायव्हिंगला घालतो तसला. कारण तो अंगात असला की माणूस बुडतो म्हटलं तरी बुडत नाही. शिवाय, ते स्वतः होडीत असणार, पूर्ण वेळ तिच्या बाजूला. आणि त्यांच्या हातात दोरी असणार.

"मी दोरी टाकली की तू धरायची. का, कशासाठी, अजून थोडं, काही नाही. धरायची."

"दोरी धरली की शर्यतीतून बाद, बाबा."

"तेच सांगतोय मी."

अश्लेषानं कप खाली ठेवला. म्हणजे बघा, कितीही पोहली तरी शेवटचं बटण बाबांच्या हातात. पण नाही म्हटलं तर पुन्हा गुडघेच. तिनं हात पुढे केला. "वादा. आपने फेंकी तो मैं पकड़ूँगी."

आता पुढचा घोळ. दसरा झाला की लखनौतले उघडे तलाव बंद! कोण पोहणार इथल्या नोव्हेंबरात? ती विकास नगरच्या त्या क्लबात गेली. फाटकावर चौकीदार अवस्थीजी, मफलर गुंडाळून, खुर्चीत.

"बिटिया, पूल बंद हो गया. अब होली के बाद आना."

"पानी तो है ना उसमें?"

"पानी है, मगर नहाने वाला नहीं है. पत्ते हैं, मेंढक हैं."

"मेंढक को दिक्कत नहीं है तो मुझे क्यों होगी?"

ती रोज जायला लागली. रोज तोच प्रश्न. शेवटी सेक्रेटरीसाहेबच कंटाळले आणि म्हणाले, पाला तू स्वतः काढायचास आणि घरचं मोठं माणूस काठावर बसलेलं पाहिजे. झालं! सकाळी आमची ही बाई आधी जाळीनं पाला काढतेय, बेडकांना हात जोडून बाहेर सोडतेय, आणि काठावर माणिककाकू, दोन स्वेटर, एक शाल, मांडीवर थर्मास, शेंगदाणे सोलत बसलेल्या. "आशू, ओठ निळे पडले! निघ बाहेर!" "बस एक और, आई!" "हे तुझं एक संपतच नाही गं!"

आणि पाणी म्हणजे बर्फ हो. पहिल्या दिवशी पाय घातला तर श्वास छातीतच अडकला तिचा. वर आकाश नाहीच, नुसता करडा धूर. पलीकडची इमारत दिसत नाही. पण ती खूष होती. का, तर तिला वाटत होतं हेच हवंय. त्याचं असं झालं, की आत्या रोज सकाळी नांदवेळच्या हवेचा व्हॉइस मेसेज पाठवायची, नाश्त्याला स्पीकरवर लागायचा, काका पेपर वाचतोय असं दाखवत ऐकायचे. "आज दंव इतकं पडलं की वाळत घातलेली चादर पिळून काढली. समुद्र एकदम गप्प आहे, पावसात कशी रात्रभर गाज येते, आता कान दिला तरच ऐकू येते." दुसऱ्या दिवशी, "आज उन्हं वर आली तरी वारा फिरला नाही, होड्या आरामात आल्या." एकदा तर खास आशूसाठी. "नीट ऐक गो. किनाऱ्यावरच्या झेंड्याला शिवलं की शर्यत संपते, पण परतताना वारा फिरला तर झेंड्याकडे बघून पोहायचं नाही. वारा आडवा येतो, तो तुला दक्षिणेला ढकलतो, आणि तिकडे खाडीचं तोंड आहे, ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं. उत्तरेला सुरूचं बन आहे ना, तिकडे तोंड ठेव. बनाकडे निघालीस की झेंड्याशी पोचशील." काकांचं पेपरचं पान त्या दिवशी उलटलंच नाही.

आणि एका सकाळी व्हिडिओ आला. अंगणात आत्या शाल घेऊन, तिचे यजमान माकडटोपी घालून, शेगडीशी हात शेकत. आत्या म्हणतेय, "काय थंडी पडल्येय गो!"

झालं! माकडटोपी बघितली आणि अश्लेषानं ठरवूनच टाकलं की समुद्र गार असणार. आपल्याकडे माकडटोपी कधी निघते? दात वाजायला लागले की! त्या दिवसापासून ती आणखी पहाटे जायला लागली, पाणी आणखी गार मिळावं म्हणून. माणिककाकू तिच्या अंगाला मोहरीचं तेल चोळून देऊ लागल्या. गरम पाण्यानं आंघोळ बंद. अंतराच्या भावाचा तो काळा सूट घालून ती तासच्या तास त्या हिरव्या पाण्यात. अवस्थीजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "देखिए, हमारी बिटिया समंदर पार करने वाली है." आणि तिला स्वतःला तर खात्रीच, की नांदवेळच्या पोरांना थंडीची सवय कुठून असणार, तिथेच आपण त्यांना मारणार.

निघाले तिघंही. गाडी, मग एसटी, मग रणजितची खटारा जीप. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपार कलताना पोचले. आणि उतरल्या उतरल्या पहिला धक्का, ऊन! चांगलं कडकडीत, लखनौच्या मार्चसारखं. माणिककाकूंनी जीपमध्येच दोन्ही स्वेटर काढले. भात कापून झालेला, शेतात नुसते पिवळे खुंट, आणि सगळीकडे त्या गवताचा वास. अश्लेषानं हे गाव असं कधी पाहिलंच नव्हतं. मे महिन्यात सगळं कसं तापलेलं, धुळीचं असतं. आता हवा इतकी स्वच्छ की कासवखडकावर बसलेले पक्षी मोजून घ्या.

ती बॅग टाकून थेट किनाऱ्यावर पळाली. मागून काका. आणि समुद्र? काय सांगू. निळा. सपाट नाही, संध्याकाळचा वारा होता, बारीक बारीक लाटा, पण मे महिन्याचा तो मातकट, गुरगुरणारा समुद्र हा नव्हेच. तिनं दात घट्ट दाबून, अंग आवळून पाय टाकला, अशी तयारीत, आता गारठा चढणार म्हणून.

कोमट!

अरे, चक्क कोमट! बादलीत काढून ठेवलेलं आंघोळीचं पाणी थोडं निवल्यावर कसं होतं, तसं. ती तशीच उभी राहिली. गुडघ्यात.

आत्या मागून आली, तिचं तोंड बघून म्हणाली, "काय झालं गो?"

"आत्या, ये गरम क्यों है? थंडी पडलीय म्हणालीस ना? फूफाजी माकडटोपीत होते!"

आत्या हसून हसून वाळूतच बसली. "अगो वेडे, थंडी पहाटे, अंगणात! समुद्राला कोण माकडटोपी घालतंय? वर्षभर ऊन प्यायलाय तो, एवढ्यात कसा गार होईल? मी पण लखनौ विसरले बघ. मला वाटलं हे तर कोणालाही माहीत असतं."

आत्या हसत होती, पण अश्लेषा सूट आणायला घराकडे पळाली. कारण ती रबरी सूटमध्ये गारठ्यात पोहायला शिकली होती, इथे त्या सूटमध्ये ती शिजणार होती. तिनं घालून बघितला. जेटीपर्यंत गेली आणि परत आली तर चेहरा लालबुंद, डोकं गरगरतंय.

"बाबा, सूट नाही घालणार मी."

"मग पोहणारही नाहीस. ठरलंय आपलं."

"सूटमध्ये मी अर्ध्यात बेशुद्ध पडेन. खरं सांगते. मग तुमची दोरी धरायलाही शुद्ध नसेल. सूट थंडीसाठी होता, थंडीच नाहीये!"

"सूट थंडीसाठी नव्हता, आशू," काका हळूच म्हणाले. "सूट माझ्यासाठी होता."

रणजित लांब उभा राहून उगाच नांगराशी चाळा करत होता. काका चपला काढून पाण्याच्या कडेला गेले. लाट आली, त्यांची बोटं भिजली, ते मागे सरकले. पुन्हा आली, या वेळी नाही सरकले. उभे राहिले. मग वाकून हात घातला पाण्यात आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला, तापाचं अंग बघतात ना, तसा.

"कोमट आहे," ते म्हणाले, जणू दुसऱ्या कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मग, "सूट राहू दे. दोरी राहील."

सकाळी निघाले तेव्हा गवतावर दंव, पायवाटेची धूळसुद्धा भिजलेली, आणि खरंच, जमिनीकडून बारीक गार वारा पाठीवर. काकू शाल शोधत होत्या, आत्या म्हणाली, "बघ, हीच ती थंडी, घे आता." समुद्र मात्र तिनं सांगितला होता तसाच. तेल लावलेला. कासवखडक पाण्यात उलटा दिसत होता.

पंधरावीस पोरं आणि मुली दोघीच, अश्लेषा आणि जेटीजवळच्या कोळीवाड्यातली एक. शिट्टी वाजली. आणि आपली अश्लेषा जी सुटली म्हणता! पहिल्यांदा गुडघे, मग कंबर, मग खालची वाळूच गेली, आणि ती स्वतःच्या गावच्या समुद्रात होती, सगळीच्या सगळी. वारा पाठीशी, पाणी सपाट, तलावासारखं, फक्त कडा नाही. तिच्या डाव्या हाताला रणजितची होडी, होडीत काका, मांडीवर दोरीचं वेटोळं, दोन्ही हातांनी होडीची कड गच्च धरलेली. श्वास घ्यायला डावीकडे वळली की बाबा. पुन्हा वळली की बाबा. बाबांचा रंग हिरवट व्हायला लागला होता.

"मामा, उलटी आली तर त्या बाजूला हं, आशूच्या अंगावर नको!" रणजित ओरडला.

"तू पुढे बघ!"

ती हसली आणि पाणी प्यायली. खारट! हे एक तिनं धरलंच नव्हतं. जीभ सुजल्यासारखी झाली. आणि दुसरी चूक, ती फार जोरात सुटली होती. गार पाण्यात जोरात हात मारायची सवय, तिथे मारलेच नाहीत तर गोठाल. इथे त्याच वेगानं अंग तापलं. खडकापाशी पोचेपर्यंत कानांत ठोके ऐकू यायला लागले. कोळीवाड्यातली ती मुलगी, एवढीशी, शांतपणे तिच्या बाजूनं निघून गेली, बाजारात चालल्यासारखी. पोरं तर केव्हाच वळली होती.

खडकाच्या मागे पाणी वेगळंच. आपटून परत येणाऱ्या लाटा, कुठून येतील पत्ता नाही. तिथे तिचा पोहण्याचा चष्मा गेला. एका लाटेनं कपाळावरून असा सोलून नेला की सापडलाच नाही. ती फेर मोठा घेत घेत कशीबशी वळली, खडकाच्या बाहेर आली, आणि गालावर काहीतरी लागलं.

वारा. समोरून नाही, जमिनीकडून नाही. समुद्राकडून.

फिरला होता.

लगेच नाही काही झालं. आधी पाण्यावर नुसता काटा आला, शहारा येतो तसा. मग बारीक लाटा. मग त्या मोठ्या झाल्या आणि डावीकडून, मागून, तिरप्या तिच्यावर यायला लागल्या. मीठ डोळ्यांत गेलं, किनारा म्हणजे नुसती धूसर पट्टी. तिला त्यात लाल काहीतरी दिसलं, झेंडाच तो, आणि दमलेला माणूस जे करतो तेच तिनं केलं, सरळ झेंड्याकडे हात मारायला लागली. आत्यानं जे करू नको म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच.

"आशू! खाडीकडे चाललीयस!" रणजित ओरडला. वाऱ्यानं ते अर्धंच पोचलं.

ती वळली श्वासाला आणि बघते तर बाबा उभे. डोलणाऱ्या होडीत, ज्यांना बसवत नव्हतं ते, उभे! उजव्या हातात दोरी, हात मागे घेतलेला. टाकणार. आता टाकणार.

आणि ऐका, तिनं धरली असती. शब्द दिला होता, टाकली असती तर धरली असती आणि रडत रडत होडीत बसली असती. पण अजून टाकली नव्हती ना!

"बाबा, नहीं!" तिनं पाणी थुंकलं. "अभी नहीं! दमलेय, बुडत नाहीये! मला दिसत नाहीये फक्त!"

"काय दिसत नाहीये?"

"झाडं! सुरूची झाडं कुठायत?"

काकांचा हात तसाच वर. दोरी वाऱ्यावर हलतेय. ती एकच क्षण, पाण्यात उभ्यानं पाय मारत, वर त्यांच्याकडे बघत. त्यांच्या तोंडावर तो मे महिना होता, सगळाच्या सगळा, तिनं पाहिला तो.

मग तो हात खाली आला नाही. तो फिरला. पुढे, डावीकडे, लांब केला त्यांनी, बोट ताठ, दोरी त्याच हातातून खाली लोंबतेय.

"तिकडे! माझ्या हाताकडे बघ! मी दाखवतो, तू नुसती माझ्या हाताकडे बघ!"

बस! मग तिला किनारा दिसायची गरजच उरली नाही. श्वासाला वळायचं, बाबांचा हात बघायचा, त्याच्या दिशेनं चार हात मारायचे. पुन्हा वळायचं. ती खाली सरकली की हात आणखी वर फिरायचा. ती बरोबर असली की हात स्थिर. लाट तोंडात, खोकला, पुन्हा हात. वेग कमी केला तिनं, त्या कोळीवाड्यातल्या मुलीसारखा, बाजारात चालल्यासारखा, आणि कानांतले ठोके हळूहळू मागे पडले. काका होडीत मधेच वाकायचे, भडाभडा ओकायचे, आणि हात? हात तसाच ताठ! रणजितनं नंतर शपथ घेऊन सांगितलं, एवढ्या वेळात मामांनी तो हात एकदाही खाली घेतला नाही, दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवून उभे होते, माझे केस उपटायचे बाकी ठेवले.

किती वेळ गेला कोण जाणे. पायाला काहीतरी लागलं. तिला वाटलं मासा. वाळू होती.

ती उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. पाणी छातीशी. समोर झेंडा, अगदी समोर, थोडासा उजवीकडेच, म्हणजे बनाकडे निघून ती झेंड्यालाच आली होती. पोरं सगळी केव्हाच बाहेर, केळी खात बसलेली, कोळीवाड्यातली मुलगी टॉवेल गुंडाळून टाळ्या वाजवतेय. शेवटून दुसरी आली आपली अश्लेषा. शेवटचा एकजण दोरी धरून दुसऱ्या होडीतून आला, म्हणजे तसं म्हटलं तर शेवटचीच.

पण तिला त्याचं काही नव्हतंच. ती कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाली, आणि मागून धप्प! असा आवाज आला. वळून बघते तर होडीत रणजित एकटाच. काकांनी उडी मारली होती. ऑफिसची पँट, खिशात फोन, हातात ती दोरी, लाटांना कोपरानं बाजूला सारत तिच्याकडे येत होते. पाणी त्यांच्या पोटाच्या वर.

तिच्यापर्यंत पोचले आणि त्यांनी ती दोरीच तिच्या खांद्यावरून गुंडाळली, शाल पांघरतात तशी.

"बाबा, ये नहीं चलेगा, मी बाद होईन!" ती हसत होती, रडत होती, काय करत होती देव जाणे. "झेंडा तो छूने दो पहले!"

"हां, हां, छू ले!" काकांनी घाईघाईनं दोरी काढून घेतली आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले, आपण शिवलोच नाही म्हणून पंचांना दाखवत.

आणि किनाऱ्यावरून आत्या, पदर खोचून, तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा करून, अख्ख्या नांदवेळला ऐकू जाईल अशी ओरडली, "दादा! अरे ए दादा! गुडघ्याच्या वर पाणी नको रे!"